चालू असतानाच

तासगावातून मणेराजुरीला जाताना डाव्या हाताला
बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे.
सहा चेंबर, चेंबरला तीन सेन्सर,
आणि ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुना संगणक.
त्याच्या कपाळावर चिकटपट्टी: बंद करू नये.

आत एक प्रोग्रॅम चालतो.
दर दहा मिनिटांनी उठतो,
अठरा आकडे लिहितो, परत आडवा होतो.
थांबवला तर फाईल तुटते,
आणि होनमाने साहेब तुटलेल्या फाईलला
खाडा म्हणतात, पगारातला.

पण चालू असतानाच त्याच्याशी बोलता येतं.
बाजूची काळी खिडकी उघडायची,
एक ओळ टाकायची, एंटर मारायचं.
तो लगेच ओ देत नाही.
हातातला आकडा पुरा करतो, मग बघतो कोण हाक मारतंय.
आमची आई अशीच,
भाकरी तव्यावर पडल्याशिवाय 'काय गं' म्हणायची नाही.

मला त्याचे चारच शब्द येतात.
किती: आत्ताचे आकडे दाखव.
वेळ: दोन नोंदींमधलं अंतर बदल.
टीप: मी सांगते ते लिहून ठेव.
चौथा बंद. तो मी अजून उच्चारलेला नाही.
पुसण्यासाठी त्याला शब्दच दिलेला नाही.

एप्रिलात चेंबर चारला फुगवटा यायला लागला.
रात्री पावणेनऊला एक, पहाटे पावणेसहाला एक,
अर्ध्या अंशाची टेकडी, रोज.
'दाराचं रबर गेलं असंल,' साहेब म्हणाले.
रबर बदललं.
टेकडी जागच्या जागी.

मग एका रात्रपाळीला मी टाइप केलं: वेळ ५.
पाच सेकंद.
तो म्हणाला, ठीक,
आणि धाप लागल्यासारखा लिहीत सुटला.
पहाटे टेकडीच्या पायऱ्या झाल्या.
दार उघडलं.
एकोणचाळीस सेकंद.
दार लागलं.

मी पळत गेले.
चेंबर चारसमोर वॉचमन इलाही शिकलगार,
तोंडातून वाफ, भुवया ओल्या,
हातात पोराबाळांचा असतो तसला स्टीलचा डबा.
डब्यात ओलं फडकं, फडक्यात बोटाएवढी बाटली.

'पोरीचं इन्सुलिन हाय. अकरा वर्साची हाय ती.
घरात फ्रिज न्हाई. माठात ठेवलं तर
डॉक्टर म्हणले, ह्या उन्हात टिकायचं न्हाई.
सकाळी नेतो, रात्री येताना आणतो.
तुमच्यात चार डिग्री असतंय न्हवं, मॅडम?'

चार पूर्णांक एक.
एवढ्या वर्षांत तो आकडा मला
पहिल्यांदाच कुणीतरी विचारला.

ऑफिसात आले तर फाईल हजारो ओळींनी लांब झालेली.
वेळ ६००, मी सांगितलं.
तो शांत झाला. पुढच्या टेकड्या पुन्हा गोल होतील,
पण रात्रीच्या पायऱ्या तशाच राहणार.
मग लिहिलं, टीप, आणि थांबले.
'रबर खराब' लिहिता आलं असतं.
त्यानं तेही घेतलं असतं, तो खरं-खोटं विचारत नाही.
म्हणून तर जास्त अडलं.
बाहेर मोटरसायकलला किक बसत नव्हती.
तिसऱ्या किकेला बसली.
डबा घराकडे निघाला.

टीप चेंबर ४. दार दोन वेळा उघडतं, रोज.
एकोणचाळीस सेकंद. तब्बसुमसाठी. माल ठीक.

एंटर.
बराच वेळ काही नाही.
मग: ठीक.

सोमवारी साहेब कागद चाळत होते.
बोट एका ओळीवर अडलं.
'तब्बसुम कोण? नवीन ऑपरेटर घेतली का कुणी, मला न सांगता?'

मी चेंबर दोनचा दाब वहीत उतरवत होते.
हातातला आकडा पुरा केला.
मग मान वर केली.